टॅब नाही म्हणजे फाइल बनावट नव्हे
विंडोजमधली फाइल खरी की बनावट हे ओळखायला काही जण सांगतात की प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’चा (म्हणजे प्रकाशकाच्या डिजिटल सहीचा) टॅब नसेल तर फाइल उडवा. असं करू नका! विंडोज १० मधल्या सीएमडी.ईएक्सईलाही (म्हणजे कमांड प्रॉम्प्टच्या मूळ फाइललाही) तो टॅब दिसत नाही, कारण तिची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते. मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं ‘सिगचेक’ हे सही तपासणारं टूल तो कॅटलॉगही तपासतं. ‘साइन्ड’ आलं आणि प्रकाशक मायक्रोसॉफ्ट असेल तर हात लावू नका. ‘अनसाइन्ड’ आलं तर विंडोजमधल्याच ‘सर्टयुटिल’ कमांडने फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा कोड) काढून व्हायरसटोटल या व्हायरस तपासणाऱ्या साइटवर फक्त तो शोधा. फाइल चढवलीत तर ती इतरांच्या हाती जाऊ शकते.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना लॅपटॉप घेतला असेल तर मात्र फायली चाळत बसण्यापेक्षा विंडोज नव्याने टाका.