टोमॅटिलो उकडावेत की भाजावेत?

चुलीपाशी: मेक्सिकन पद्धतीचं हिरव्या साल्सातलं (पातळ चटणीतलं) चिकन करायचंय. टोमॅटिलो (टोमॅटोसारखी दिसणारी हिरवी, आंबट फळं), सेरानो मिरच्या, कोथिंबीर आणलीय आणि हाडासकट मांडीचे तुकडे आहेत. काही जण टोमॅटिलो उकडायला सांगतात, काही भाजायला. आंबटपणा फार पुढे येऊ नये आणि रंग हिरवा राहावा, तर काय करू?

धूरकट: भाजा! कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत, मिरच्या आणि न सोललेला लसूणही सोबत. आंबटपणा मवाळ होतो. रंग थोडा मळतो, मला चालतो.

मांडीचा_तुकडा: रंग हवा असेल तर उकडाच. टोमॅटिलोचं वरचं पापुद्र्यासारखं आवरण काढलं की चिकट थर लागतो, तो कोमट पाण्याने धुवून टाका. उकळत्या पाण्यात त्यांचा तजेलदार रंग पिवळसर झाला की लगेच काढा. फुटू दिले तर साल्सा पाणचट होतो.

पण उकडणं-भाजणं यापेक्षा मला पुढची पायरी मोलाची वाटते. वाटलेला साल्सा कच्चा चिकनवर ओतू नका. जाड बुडाच्या पातेल्यात तेल किंवा डुकराची चरबी चांगली तापवा, त्यात साल्सा ओता (चर्र झालंच पाहिजे) आणि 8-10 मिनिटं दाट होईपर्यंत परता. कच्चा आंबटपणा इथेच जातो, साखर लागत नाही. चिकन आधीच कांदा, लसूण, मीठ घालून मंद आचेवर शिजवून ठेवा. त्यातलंच एक वाटी पाणी साल्सात घाला, मग तुकडे सोडून 10 मिनिटं मुरू द्या. अर्धी कोथिंबीर वाटताना घाला, उरलेली अगदी शेवटी. रंग तिनेच टिकतो.

चुलीपाशी: फार उपयोगी! रस्सा अजून दाट हवा असेल तर?

मांडीचा_तुकडा: मग पिपियान वेर्देकडे, म्हणजे भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या रश्श्याकडे वळा, मेक्सिकोतल्या प्वेब्लात ते फार आवडीने करतात. भोपळ्याच्या सोललेल्या बिया फुगून तडतडेपर्यंत भाजायच्या, करपल्या तर कडू होतात. साल्साबरोबर बारीक वाटा आणि आच मंदच ठेवा, जोरात उकळलं तर फाटतं. मेक्सिकोतल्याच वाहाकाच्या मोले वेर्देत (हाही हिरवा रस्साच) दाटपणा ‘मासा’ने, म्हणजे मक्याच्या मळलेल्या पिठाने आणतात आणि ओहा सांता या सुवासिक वनस्पतीची पानं घालतात. तिचा बडीशेपेसारखा वास चिकनला फार शोभतो.

धूरकट: बियांसोबत मात्र मीही उकडलेलेच टोमॅटिलो घेतो.