मदत हवी आहे: वास लागला की हाक ऐकूच येत नाही

बीगल जातीचा कुत्रा, नर, 11 महिन्यांचा, नसबंदी झालेली नाही. घरात एका हाकेत धावत येतो. मोकळ्या माळावर मात्र नाक जमिनीला टेकलं, शेपटी ताठ झाली की संपलं. कान नुसते शोभेला. 10 मीटरची दोरी लावून 2 महिने सराव चालू आहे. शिट्टीची सवय जेवणाच्या वेळी लावली, आला की उकडलेलं चिकन देतो. दोरी असली की बहुतेक वेळा येतो, सुटली की त्याला बरोबर कळतं, लबाड! आल्यावर कधी रागावलो नाही. शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) नको आहे.

वासामागे लागलेला असतानाच शिट्टी वाजवून सराव घ्यायचा, की नाक खाली जाण्याआधीच बोलवायचं? आणि दोरी हातातून सोडून जमिनीवर फरफटू देण्याइतका तयार झालाय, हे कशावरून ओळखायचं?