जुन्या कॅम्परची मागची बॅटरी भरत नसेल तर आधी वायर बघा

ठाण्याहून दिवसभर गाडी चालवूनही कॅम्परमधली (राहण्याची सोय असलेल्या गाडीतली) मागची बॅटरी अर्धीच भरत असेल, आणि पुढच्या बॅटरीपासून तिथवर २.५ चौरस मिमीची वायर असेल, तर दोष बहुधा त्या वायरचा आहे. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) बदलायची घाई करू नका. एवढी वायर या कामाला फारच बारीक आहे. पुढून मागे ६ मीटर धरले, तर जाऊन-येऊन १२. २० अँपिअरला त्यातच जवळजवळ १.७ व्होल्ट वाया जातात. मग बॅटरी भरणार कशी? १६ चौरस मिमीची तांब्याची मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर टाका, व्होल्टची घट पाव व्होल्टवर येईल. निगेटिव्हलाही तेवढीच जाड वायर ओढा. चॅसीवर (गाडीच्या धातूच्या सांगाड्यावर) विसंबू नका, खाडीकडच्या दमट हवेत अर्थिंगचा बोल्ट आतून गंजतो.

४० अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह वायरच्या दोन्ही टोकांना हवाच, टर्मिनलपासून वीतभर अंतरात. दोन्हीकडे बॅटरी असल्यामुळे मधे वायर घासली तर करंट दोन्हीकडून येतो, आणि एकच फ्यूज असेल तर आग लागू शकते. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट (कडेवरची रिंग) लावा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत इन्सुलेशन नेमकं तिथंच कापलं जातं. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) सोल्डर करू नका, क्रिम्परने (दाबायच्या पकडीने) दाबून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. सोल्डर तारांत झिरपून त्या कडक होतात आणि हादऱ्यांनी तुटतात.