‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’चं परीक्षण: रिकाम्या रंगमंचाबद्दल काय लिहायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचं एक छोटं त्रैमासिक निघतं. पुढच्या अंकासाठी आर्थर मिलरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’वर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे मूळ नाटकावर नाही, तर इवो व्हॅन होवेनं 2014 मध्ये लंडनच्या यंग विक थिएटरमध्ये बसवलेल्या प्रयोगावर. मी एनटी लाइव्हचं (लंडनच्या नॅशनल थिएटरचा, नाटकं चित्रित करून पडद्यावर दाखवण्याचा उपक्रम) चित्रण पाहिलंय, संहिताही वाचून झालीय.

अडचण अशी की संहितेत ब्रुकलिनमधलं रेड हुक आहे, एडी कार्बोनचं घर आहे, जेवणाचं टेबल, फोनोग्राफ, रस्ता, वकिलाचं ऑफिस, सगळं आहे. प्रयोगात यातलं काहीच नाही. पांढरी जमीन, तिच्याभोवती बसायला कडा, मागे एक दार. बहुतेक पात्रं अनवाणी. मध्यंतरही नाही. बघताना मी हललो, पण लिहायला बसलो की दोनच वाक्यं सुचतात: ‘नेपथ्य सूचक आहे’ आणि ‘मार्क स्ट्राँगचा अभिनय प्रभावी आहे’. असलं परीक्षण मला द्यायचं नाही. 800 शब्द आहेत. सुरुवात कुठून करू?

आणि शेवटी वरून पडणाऱ्या त्या लाल पावसाबद्दल तुम्हाला काय वाटतं?

स्पॉट_नंबर_दोन

कृष्णाकाठ, मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. नोकरीनिमित्त लंडनला होते तेव्हा हा प्रयोग यंग विकहून वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, विंडम्स थिएटरमध्ये आला होता आणि तिथे मी तो पाहिला. त्यामुळे मनापासून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

पहिली गोष्ट, नाटकाचं परीक्षण आणि प्रयोगाचं परीक्षण वेगळं ठेव. संहिता 1956 पासून भक्कम उभी आहे, तिला तुझ्या-माझ्या शिफारशीची गरज नाही. गोदीत राबणारा एडी, बायको बिआट्रिस, तिच्या बहिणीची सतरा वर्षांची मुलगी कॅथरिन. इटलीहून चोरून आलेले बिआट्रिसचे नातलग मार्को आणि रोडोल्फो. कॅथरिन रोडोल्फोच्या प्रेमात पडते आणि एडीला ते सोसत नाही. का सोसत नाही, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत असतं. एवढं कथानक चार ओळींत उरक. उरलेल्या जागेत एकाच प्रश्नाचं उत्तर दे: दिग्दर्शकानं सामान काढून घेतलं, तेव्हा प्रेक्षकाला असं काय दिसलं जे सामान असताना दिसत नव्हतं?

‘सूचक नेपथ्य’ हा शब्द मात्र खोड. यान व्हर्सवेव्हेल्टचं नेपथ्य काहीच सुचवत नाही. चार खांब लावून घर सुचवणं वेगळं. इथे घर नाहीच. आहे तो आखाडा. नाटक सुरू होतं तेव्हा रंगमंचावर काळी पेटी असते, ती वर उचलली जाते आणि आत गोदीतली दोन माणसं अंग धूत असतात. विंडम्सला काही प्रेक्षक रंगमंचावरच दोन्ही बाजूंना बसवले होते. म्हणजे एडीला लपायला कोपराच नाही. आपण ज्याला बॉक्स सेट म्हणतो त्यात पात्र खिडकीशी जातं, कपाट उघडतं, पाणी पितं. नटाच्या हाताला काम असलं की मनातलं झाकता येतं. इथे हात रिकामे आहेत. कॅथरिन धावत येऊन एडीच्या अंगावर झेपावते, पायांचा विळखा घालते, तेव्हा नजर दुसरीकडे न्यायला समोर एक भांडंसुद्धा नाही. लहान मुलीच्या सवयीनं ती हे करतेय आणि ती आता लहान नाही, हे एका क्षणात अंगावर येतं. कॅथरिन झालेल्या फीबी फॉक्सनं त्यात जराही चाळवण्याचा सूर लावला नाही, निखळ आनंदानं केलं. म्हणून ते जास्त भयंकर.

मार्क स्ट्राँगबद्दल ‘प्रभावी’ लिहू नकोस. तो काय करतो ते लिही. तो एडीला दुष्ट करत नाही, बिचाराही करत नाही. एडीला आपण घरातल्यांसाठी राबणारा सरळ माणूस आहोत अशी खात्री आहे आणि ती खात्री स्ट्राँग शेवटपर्यंत सोडत नाही. निकोला वॉकरची बिआट्रिस मला त्याहून मोठी वाटली. ‘मी पुन्हा बायको कधी होणार?’ अशा अर्थाचा प्रश्न ती नवऱ्याला विचारते, तो तिनं न रडता, हिशेब विचारावा तसा विचारला. तुझ्या 800 शब्दांतले शंभर तिच्यासाठी ठेवच.

आता खुर्ची. माझ्या मते तुझी सुरुवात तिथून व्हायला हवी. एडी बॉक्सिंग शिकवायच्या निमित्तानं रोडोल्फोला ठोसा मारतो. मग मार्को शांतपणे एडीला खुर्ची उचलायला सांगतो, एका हातानं, एका पायाला खाली धरून. एडीला जमत नाही. मार्को गुडघ्यावर बसतो, खुर्ची उचलतो आणि एडीच्या डोक्यावर धरून उभा राहतो. संहितेत पहिल्या अंकाचा पडदा इथेच पडतो. व्हॅन होवेनं दोन गोष्टी केल्या. संपूर्ण प्रयोगात डोळ्यांत भरेल असं फर्निचर म्हणजे ही एकच खुर्ची, त्यामुळे ती नुसती वस्तू राहत नाही, निवाडा होते. आणि मध्यंतर काढून टाकलं. आपल्याकडे हा प्रसंग झाला की दिवे लागतील, लोक वडा-चहाला जातील, ‘काय उचलली हो खुर्ची!’ म्हणतील आणि ताण तिथेच सांडेल. इथे तो सांडत नाही. मार्कोनं दिलेली तंबी घेऊनच एडी पुढच्या प्रसंगात शिरतो आणि आपणही. मध्यंतर काढण्याचा निर्णय हा दिग्दर्शनाचाच भाग आहे. परीक्षणात बहुतेक जण त्याचा उल्लेख ‘दोन तासांचा सलग प्रयोग’ एवढाच करतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

लाल पावसाच्या मी बाजूनं आहे. संहितेत एडी स्वतःच्याच सुरीनं मरतो, मार्को त्याचा हात उलटा फिरवतो. व्हॅन होवे मारामारी मांडतच नाही. सगळी माणसं एकमेकांत अडकून एक गोळा होतात आणि वरून लाल पाणी कोसळतं. फोरे या संगीतकाराचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, चालू असतं. नुसतं मोठं दृश्य हवं म्हणून हे केलेलं नाही. वकील अल्फिएरी इतका वेळ आखाड्याबाहेर फिरत आपल्याशी बोलत होता, आपल्यासारखाच सुरक्षित. शेवटी तोही त्या गोळ्यात असतो. रक्त फक्त मारणाऱ्याच्या हाताला लागलं असतं तर गुन्हा मार्कोचा ठरला असता. इथे प्रत्येकाला लागतं, एडीला थांबवता न आलेल्या प्रत्येकाला.

भाऊचा_धक्का

ताईंचं लिहिणं आवडलं, पण एक बाजू राहतेय. माझे आजोबा मुंबई गोदीत होते. त्यामुळे या नाटकात मला सगळ्यात आधी गोदी दिसते आणि त्या पांढऱ्या चौकोनात ती मला सापडली नाही.

मिलरनं रेड हुक पुस्तकातून उचललेलं नाही. तिथल्या गोदीकामगारांवर ‘द हुक’ नावाची पटकथा त्यानं आधी लिहिली होती आणि एडीची गोष्ट त्याला मिळाली ती त्याच भागात कामगारांचं काम करणाऱ्या एका वकिलाकडून. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर रोज सकाळी माणसं अर्धवर्तुळात उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाचं काम. ही पद्धत तिथे 1953 मध्ये बंद झाली. आपल्याकडे 1948 चा गोदी कामगार कायदा येईपर्यंत टोळीवाल्यांच्या हातात असंच होतं. उद्या काम मिळेल की नाही हे माहीत नसलेला माणूस दोन पाहुण्यांना घरात घेतो, त्यांना जेवू घालतो, तेव्हा त्या ताटाला किंमत असते. ताटच दिसलं नाही तर एडीचा मोठेपणाही दिसत नाही आणि मोठेपणा दिसला नाही तर त्याचं घसरणं कशावरून मोजायचं?

मार्कोचंही तेच. 1924 च्या कायद्यानं अमेरिकेनं इटलीहून येणाऱ्यांवर वर्षाला 4 हजारांच्याही आतली मर्यादा घातली होती, म्हणून ही माणसं बोटीतून लपून येतात. ज्यांनी आणलं त्यांचं देणं फिटेपर्यंत कामाला तोटा नाही, मग वाऱ्यावर. मार्कोची तीन पोरं गावी उपाशी, थोरल्याच्या छातीत दुखणं. शेवटी एडी सरकारला खबर देऊन त्याला पकडवतो, तेव्हा तो एडीच्या तोंडावर थुंकतो आणि म्हणतो की यानं माझी मुलं मारली. ते शब्दशः खरं आहे, तो परत गेला की त्यांचं पोट बंद. व्हॅन होवेच्या प्रयोगात ते मला ग्रीक शापासारखं ऐकू आलं. शाप म्हणून छान. पण ती भूक होती हो.

जुना_प्रेक्षक

थोडी इतिहासाची भर. आज दिसतं ते दोन अंकी नाटक हे दुसरं रूप आहे. 29 सप्टेंबर 1955 ला ब्रॉडवेवरच्या कोरोनेट थिएटरमध्ये ते एकांकिका म्हणून आलं, मिलरच्याच दुसऱ्या एकांकिकेबरोबर, आणि त्यातले काही संवाद चक्क पद्यात होते. 149 प्रयोगांनंतर बंद पडलं. मग पीटर ब्रुकनं 1956 मध्ये लंडनला केलं तेव्हा मिलरनं ते वाढवलं, बिआट्रिस आणि कॅथरिन यांना जास्त जागा दिली. एडी रोडोल्फोचं चुंबन घेतो त्या प्रसंगामुळे तिथल्या सेन्सॉरनं, म्हणजे लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयानं, जाहीर प्रयोगाला परवानगी दिली नाही. कॉमेडी थिएटर तेवढ्यापुरतं क्लब करून, सभासदांसाठी म्हणून प्रयोग झाले.

म्हणून व्हॅन होवेनं मध्यंतर काढून काही भलतंच केलेलं नाही. बायकांना जागा 1956 ची आणि वेग 1955 चा, असं ते जुळून आलंय. पहिल्या रूपात मिलरला ग्रीक शोकांतिकेसारखं एका दमात जायचं होतं. परीक्षणात एक वाक्य याला दे.

आणखी एक. 1956 च्याच जूनमध्ये मिलर कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उभा होता आणि इतरांची नावं सांगायला त्यानं नकार दिला. ज्याच्याबरोबर तो ‘द हुक’ घेऊन हॉलिवूडला गेला होता त्या दिग्दर्शक एलिया कझाननं 1952 मध्ये नावं सांगितली होती. नातलगांची खबर सरकारला देणाऱ्या माणसाचं नाटक त्या दिवसांत लिहिलं गेलं. त्या लेखकानं त्या माणसाचा धिक्कार न करता त्याच्यासाठी शोक केला, हे मला आजही थोर वाटतं.

स्पॉट_नंबर_दोन

भाऊचा_धक्का, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते परीक्षणात यायलाच हवं. रिकामा रंगमंच फुकट मिळत नाही. व्हॅन होवेनं एडीच्या आतला अंधार कमावला आणि त्याची किंमत मार्कोनं मोजली. 2010 मध्ये ग्रेगरी मोशरनं ब्रॉडवेवर लीव्ह श्रायबर आणि स्कार्लेट जोहान्सन यांना घेऊन हेच नाटक घर-दार-रस्त्यासकट केलं होतं. म्हणजे वास्तववादी मार्ग बंद झाला होता म्हणून हे केलं, असंही नाही. ही निवड आहे. मी तरीही व्हॅन होवेच्या बाजूनं राहीन. गोदी मला संहितेतल्या प्रत्येक ओळीत ऐकू येते. पण एडी स्वतःपासून काय लपवतोय ते वाचताना माझ्या हातून निसटायचं, ते विंडम्सला निसटलं नाही.

कृष्णाकाठ

ताई, काका, सगळ्यांचे आभार. खुर्चीपासूनच सुरू करतो आणि ताटाचा मुद्दा घेतो. अजून दोन प्रश्न. शेवट सांगू का? आणि मी प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेला नाही, चित्रण पाहिलंय. त्याचं परीक्षण करणं योग्य आहे का?

स्पॉट_नंबर_दोन

एडी मरतो हे बिनधास्त सांग. अल्फिएरी पहिल्याच निवेदनात सांगून टाकतो की हे रक्तापर्यंत जाणार आणि आपण नुसते बघत राहिलो. काय होणार हे या नाटकात गुपित नाहीच. लाल पाऊस मात्र सांगू नकोस, ज्यांना चित्रण बघायचंय त्यांना तो स्वतः बघू दे. ‘शेवटच्या दृश्यात दिग्दर्शक सुरी दाखवत नाही’ एवढं पुरे.

चित्रणाचं परीक्षण जरूर कर, फक्त पहिल्या परिच्छेदात तसं लिही. कॅमेरा तुझ्या वतीनं निवड करतो. जेवणानंतरचा तो प्रसंग आठव, जिथे बोलण्यात लांबच लांब खंड आहेत आणि मागे बारीक ठोका चालू असतो. थिएटरात त्या शांततेत मी पाचही जणांकडे बघू शकत होते आणि माझी नजर सारखी बिआट्रिसकडे जात होती, ती गप्प असताना. पडद्यावर बोलणाऱ्याचा चेहरा जवळ येतो, ऐकणारा चौकटीबाहेर जातो. तेव्हा ‘अमुक नट त्या प्रसंगात दिसलाच नाही’ असं लिहायच्या आधी थांब, तो कॅमेऱ्याला दिसला नसेल.

आणि लिहिण्यापूर्वी एडी इमिग्रेशनला फोन करतो तो भाग परत लाव. मिलरनं संहितेत लिहिलंय की रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूला फोन मंद, एकाकी निळ्या उजेडात उजळू लागतो. एडी अजून वकिलाच्या ऑफिसातच असतो, तेव्हापासून. प्रकाशयोजना करणाऱ्याला लेखकानं एवढी स्पष्ट सूचना क्वचित दिलेली असते. व्हॅन होवेनं तिचं काय केलं ते नीट बघ. मला काय वाटलं ते मी इथे सांगत नाही, तुला दिसेल ते लिही आणि अंक निघाला की इथे टाक.