गावातलं फायर स्टेशन: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, ऑस्ट्रेलियात शहराबाहेर राहणारे आपले बरेच लोक आहेत म्हणून हा धागा काढतेय. इथे खेड्यात आग विझवायला जे येतात ते बहुतेक बिनपगारी, गावातलाच प्लंबर, शाळेतली मॅडम, गाईगुरंवाला शेतकरी, पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघतात. एकट्या न्यू साऊथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये असे ७० हजारांच्या आसपास आहेत. तुम्ही जवळून पाहिलं असेल ते सविस्तर लिहा.

–

२०१९ ला आम्ही न्यू साऊथ वेल्समधल्या बिलपिन गावाच्या बाजूला होतो. गॉस्पर्स माउंटनची आग ऑक्टोबरात वीज पडून लागली आणि पसरत पसरत ५ लाख हेक्टरच्या वर गेली. ज्वाळा लांबच असतात हो, आधी येतात त्या ठिणग्या, वाऱ्यावर उडत येऊन पन्हळीतल्या वाळक्या पानांवर पडल्या की घर गेलंच समजा. ब्रिगेडच्या, म्हणजे गावातल्या अग्निशमन पथकाच्या कॅप्टनबाई उन्हाळ्याआधीच दारोदार फिरून पन्हळी साफ करायला सांगून गेलेल्या, गेटवर एसडब्ल्यूएसची (स्टॅटिक वॉटर सप्लाय, म्हणजे साठवलेलं पाणी) पाटीपण त्यांनीच लावायला लावली, म्हणजे आत टाकीत पाणी आहे हे परगावच्या टँकरलाही बाहेरूनच कळतं. आमचं घर त्या बाईंमुळे उभं आहे असंच मी मानतो.

–

मी आगीवर जात नाही, स्टेशनात रेडिओवर बसते. कोणती गाडी कुठे, किती माणसं, पाणी किती उरलंय, सगळं वेळेसकट वहीत लिहायचं. नवऱ्याच्या ऑफिसने तेव्हा आगीवर गेलेल्या दिवसांचा पगार कापला, फार राग आला होता. नंतर सरकारने दिवसाला ३०० डॉलरपर्यंत भरपाई जाहीर केली, पण ती १० दिवसांपेक्षा जास्त राबलेल्यांनाच.

–

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे बंब तालुक्याहून येणार, तोवर वणवा डोंगर उतरून काजूच्या कलमांत शिरतो, मग अख्खी वाडी हिरवे टहाळे घेऊन झोडपत सुटते, बायापोरं कळशीने पाणी आणतात. जानेवारीतच बागेभोवतीचं गवत काढून पट्टा मोकळा केला तर खूप वाचतं, पण सड्यावरचं गवत कुणी काढायचं यावरच दरवर्षी अडतं. फवारणीचे पंप घरोघर आहेत, ते चालतील का?

–

दादा, नक्की चालतील, फक्त औषधाचा पंप आधी स्वच्छ धुवून घ्या. इथेपण पाठीवरचे पाण्याचे पंप असतातच. मोठ्या ज्वाळांना त्याचा उपयोग नाही, पण आग पुढे सरकल्यावर मागे जे ओंडके धुमसत राहतात ना, ते त्यानेच विझवतो आम्ही, आणि हाताची मागची बाजू जवळ धरून अजून गरम लागतंय का ते बघतो.