तैवानची ठिणगी पेटू नये म्हणून काय हवं? धाक की बोलणं?

हर्णैकर: भाऊ मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. तैवानच्या सामुद्रधुनीतून जाताना शेजारून लढाऊ जहाज चाललेलं त्याने पाहिलं. आई दोन रात्री झोपली नाही.

ठरवून केलेल्या युद्धापेक्षा मला चुकून पेटलेल्याची भीती जास्त वाटते. 1 एप्रिल 2001 ला हैनानजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान धडकलं. चिनी वैमानिक गेला, 24 अमेरिकन 11 दिवस चीनमध्ये अडकले. 1972 ला अमेरिका आणि सोव्हिएत संघाने करार केला होता : समुद्रात एकमेकांच्या जहाजांवर तोफा रोखून लुटुपुटीचे हल्ले करायचे नाहीत. दोन्ही नौदलं दरवर्षी बसून हिशेब करायची. 2014 ला चिंगदाओत 21 देशांनी असेच नियम मानले, पण ते ऐच्छिक. ते बंधनकारक करा.

मिऱ्याबंदर: कागद! सीमेवर शांतता राखायचे भारत-चीनचे 1993 आणि 1996 चे करार असताना 15 जून 2020 ला गलवानमध्ये आपले 20 जवान गेले. ऑगस्ट 2022 ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती पेलोसीबाई तैवानच्या राजधानीत, तैपेईला जाऊन आल्या, तर चीनने अमेरिकेशी लष्करी बोलणीच तोडली. समोरच्याला महाग पडेल एवढी ताकद ठेवा, तोच थांबवतो.

हर्णैकर: गलवान मलाही सलतं. पण त्या रात्री हाणामारी झाली, गोळी सुटली नाही. ताबारेषेपासून 2 किलोमीटरच्या आत गोळीबार नको, हे 1996 चंच कलम. आणि तुटलेली बोलणी नोव्हेंबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ पुन्हा जोडली गेलीच ना?

तांडेल_दाभोळ: रात्री पर्ससीनवाला (मोठ्या घेराच्या जाळ्याची बोट) आमच्या जाळ्यावर येतो, तेव्हा मी वायरलेसवर ओरडतो, "दादा, जाळं आहे खाली, भायेर काढ!" ऐकणारा असला तर जाळं वाचतं. पण मासळी कोणाची, हे वायरलेसवर सुटत नाही. 1962 ला क्युबात धाक दोन्हीकडे होता. सुटका देवाणघेवाणीने झाली : सोव्हिएतांनी क्षेपणास्त्रं काढली, अमेरिकेने तुर्कस्तानातली गुपचूप. दोन्ही राजधान्यांना थेट जोडणारी हॉटलाइन त्यानंतर, 1963 ला.

मिऱ्याबंदर: म्हणजे तैवान देऊन टाकायचा? सव्वादोन कोटींवर माणसं राहतात तिथे!

तांडेल_दाभोळ: अजिबात नाही. तैवानने स्वातंत्र्य जाहीर करायचं नाही, चीनने चढाई करायची नाही, अमेरिकेने दोघांनाही तिथेच धरायचं. 1979 ला अमेरिकेने तैवानऐवजी बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली, तेव्हापासून ओढत-ताणत हेच चाललंय. तुमच्याकडे याहून बरं काही असेल तर सांगा, मी ऐकतो.