एकेरी सोडून पूर्ण वेळ दुहेरी खेळावी का?

शटलवेडा
मी 17 वर्षांचा आहे. ज्युनियर गटात बॅडमिंटनची एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळतो. एकेरीत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गाडी सरकत नाही, दुहेरीत निकाल बरे येतात. आता सर म्हणताहेत, एकेरी सोड आणि दुहेरीचाच खेळाडू हो. घरी मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं : ज्याला एकेरी झेपत नाही तो दुहेरीत जातो. शिवाय पार्टनरला दुखापत झाली किंवा त्याने दुसऱ्याशी जोडी जमवली तर माझं काय? पैसेही अर्धेच मिळतात म्हणे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

जाळीपाशी
घरच्यांना सांग, एकेरी झेपत नाही म्हणून आलेले दुहेरीतही टिकत नाहीत. मी आयुष्यभर दुहेरीच खेळले, आता ज्युनियर मुलांना शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

कोर्टाची रुंदी 5.18 मीटरवरून 6.10 होते, एवढाच फरक बघणाऱ्यांना दिसतो. खरा फरक वेळेचा. एकेरीत रॅली बांधायला सवड असते. दुहेरीत कोण मारणार आणि कोण झेलत बसणार, हे बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार फटक्यांत ठरून जातं. सर्व्ह, रिसीव्ह आणि तिसरा फटका. तू स्मॅश किती जोरात मारतोस हे मला नंतर सांग, आधी छोटी सर्व्ह दाखव, जाळीच्या जेमतेम वरून जाऊन पलीकडे लगेच उतरणारी.

रिसीव्हर, म्हणजे सर्व्ह घेणारा, पुढच्या सर्व्हिस रेषेला जवळजवळ पाय टेकवून, रॅकेट डोक्याच्या वर धरून, पुढे झुकलेला असतो. शटल जाळीच्या वरच्या पट्टीवरून चार बोटं वर गेलं की ते तुझ्या छातीवर परत आलंच समज. त्यात 2018 पासून सर्व्ह मारताना अख्खं शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावं लागतं, म्हणून उंच मुलांना ढोपरं वाकवून उभं राहावं लागतं. आम्ही पट्टीच्या थोडी वर एक दोरी बांधतो आणि पट्टी-दोरीच्या फटीतून सर्व्ह काढायला लावतो. बादलीभर शटल संपेपर्यंत. भयंकर कंटाळवाणा प्रकार आहे. ज्याला त्याचा वैताग येतो त्याने खुशाल एकेरी खेळावी.

आता जोडीदाराचं. तुझी भीती खरी आहे. क्रमवारी जोडीची असते, तुझी एकट्याची नाही. जागतिक क्रमवारीत गेल्या 52 आठवड्यांतले सर्वोत्तम 10 निकाल धरतात, आणि ते त्या दोघांनी मिळून मिळवलेले. जोडी मोडली की नवी जोडी तळापासून चढते : छोट्या स्पर्धा, पात्रता फेरी, पहिल्याच फेरीत एखादी मानांकित जोडी समोर. पण म्हणून कोणी संपत नाही. चीनचा झेंग सीवेई आधी चेन चिंगचेनबरोबर मिश्र दुहेरी खेळायचा आणि ती जोडी जगात अव्वल होती. तरी मोडली. पुढे तो हुआंग याचिओंगबरोबर जगज्जेता झाला, चेनने महिला दुहेरीत जागतिक विजेतेपदं काढली आणि 2024 ला पॅरिसमध्ये दोघांनीही आपापल्या जोडीदाराबरोबर ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं.

पदकांपेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. समोरचे हुशार असतील तर दोघांपैकी ज्याचा हात त्या दिवशी चालत नाही त्यालाच ते शटल देत राहतात. माझी पार्टनर मागून जबरदस्त मारायची, म्हणून सगळं माझ्याकडे यायचं. मग ती नुसती उभी राहून थंड पडायची आणि चिडून माझ्या वाट्याचं शटल घ्यायला धावायची, तिची जागा मोकळी टाकून. तेव्हा दोन गुणांच्या मधे आम्ही एवढंच बोलायचो : पुढची सर्व्ह कुठे. "सॉरी" बंद. सॉरी म्हणत बसणाऱ्या जोड्या तिसऱ्या गेममध्ये एकमेकींकडे बघायच्या बंद होतात.

आकडेमोड्या
पैशांचं मी सांगतो. वर्ल्ड टूर या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेतल्या मोठ्या स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षीस रकमेच्या 7 टक्के मिळतात, दुहेरीच्या विजेत्या जोडीला 7.4 टक्के. म्हणजे माणशी 3.7. विमानाचं तिकीट मात्र अर्ध्यात येत नाही. म्हणून बरेच जण मिश्र दुहेरीही खेळतात.

पण कारकीर्द लांबते. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान 2008 ला मार्किस किडोबरोबर ऑलिम्पिक विजेता, नंतर मोहम्मद अहसानबरोबर 2013, 2015 आणि 2019 चा जगज्जेता. शेवटचं विजेतेपद 35 व्या वर्षी! आणि नशीब कसं असतं बघ : टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या सात्त्विक-चिराग जोडीने गटात तीनपैकी दोन सामने जिंकले, त्यातला एक पुढे सुवर्ण जिंकणाऱ्या तैवानच्या ली यांग-वांग ची-लिन यांच्याविरुद्ध, आणि तरी गेमच्या फरकावर गटातच बाहेर पडले.

जाळीपाशी
मिश्र दुहेरीचं बोलायला सोपं आहे. एका दिवसात दोन प्रकारांचे सामने आले की संध्याकाळी खांदा वर जात नाही. 17 व्या वर्षी त्या मोहात पडू नकोस.

गटिंगवाला
एक अवांतर. मोठे खेळाडू रॅकेटचं गटिंग (तारा ताणून बसवणं) 30 पौंडांच्या ताणावर करतात म्हणून ज्युनियर मुलं तेवढंच मागतात आणि मग कोपर धरून बसतात. 24-25 वर खेळ, शटल आपोआप लांब जातं.

शटलवेडा
सगळ्यांचे आभार. ताई, अजून एक अडचण. माझा पार्टनर डावखुरा आहे आणि आम्ही दोघंही मागून मारणारे. नेटवर जायला कोणीच तयार नसतं. मधल्या शटलला आमच्या रॅकेट एकमेकींवर आपटतात.

जाळीपाशी
सात्त्विक आणि चिराग दोघंही मागून मारणारेच होते रे. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांची जोडी लावली तेव्हा चिरागला नेटचा खेळ शिकावा लागला. 2023 मध्ये ते जगात अव्वल झाले. तुमच्यापैकी ज्याचं मनगट झटपट चालतं तो पुढे, ताकद कोणाची जास्त यावर वाद घालू नका.

डावखुरा पार्टनर मिळालाय ही चैन आहे. बचावात तो उजवीकडे आणि तू डावीकडे असलास की दोघांचेही फोरहँड मधे येतात, म्हणून आपटताय. तेव्हा ज्याने आधीचा फटका मारला नाही त्याने मधलं घ्यायचं, असं ठरवून टाका. बाजू बदलल्या की मधे दोन बॅकहँड येतात, तिथे ज्याचा बॅकहँड भक्कम त्याचं शटल. एकेरीच्या स्पर्धा बंद कर हवं तर, पण एकेरीचा फूटवर्क सराव आठवड्यातून दोनदा ठेव. आणि सर्व्हचा व्हिडिओ बाजूने काढून इथे टाक, समोरून काढलास तर उंची कळत नाही.